डावीकडची दाढ

आमच्या घरात आम्ही दोघंही लोकांची थोबाडं फोडतो. मी भूल देऊन, माझा धाकटा भाऊ न देता. मी दातांची डॉक्टर आहे आणि तो बॉक्सर. आई शेजारणींना सांगते की मुलगी शिकली आणि मुलगा मारामाऱ्या करत फिरतो. तिने मला आडवी आलेली अक्कलदाढ काढताना कधी पाहिलेलं नाही. हिरडी चिरायची, सोलून मागे धरायची, हाडाची कड ड्रिलने उडवायची, दाढेचे दोन तुकडे करायचे आणि मधल्या फटीत लोखंड घालून पिळायचं. शेवटी कडकन आवाज होतो. तो पेशंटला कानातून नाही, कवटीतून ऐकू येतो. त्या आवाजाला चांगली दांडगी माणसं खुर्चीचे हात घट्ट धरून रडलेली मी पाहिली आहेत.

म्हणून मी अक्कलदाढ उगाच काढत नाही. सरळ उगवली असेल, ब्रश पोचत असेल, त्रास नसेल, तर तिला कुणी हात लावायचा नाही. पण अर्धी वर आणि अर्धी हिरडीखाली राहिली, तिथे अन्न अडकून पुन्हा पुन्हा पू व्हायला लागला, शेजारची चांगली दाढ किडायला लागली, किंवा हाडात आडवी झोपून तिच्याभोवती पाण्याची पिशवी वाढायला लागली, तर ती काढायची. मग पेशंट कितीही गयावया करो.

भावाला घरात बारक्या म्हणतात. जन्मला तेव्हा एवढासा होता, आता दारातून तिरका होऊन आत येतो. लहानपणी भयंकर चावरा. राग आला की तोंडातून शब्द काढायचा नाही, जवळ सापडेल तो हात धरून कचकन चावायचा, आणि सगळ्यात जवळचा हात नेहमी माझाच असायचा. पुढे तो ठोसे मारायला शिकला. मी सुटले आणि बाकीच्यांची पाळी आली.

तो माझ्या दवाखान्यात आला तेव्हा डावा गाल टरारून फुगला होता आणि तोंडात माझं एक बोट कसंबसं जात होतं. दातांवर घालायचं रबरी गार्डसुद्धा आत जाईना, म्हणून आला होता. नाहीतर आला नसता.

"सरावात लागलं," तो दात न उघडता म्हणाला.

"यंदा हे तिसऱ्यांदा लागलंय तुला. एकाच ठिकाणी. समोरचा काय मोजपट्टी लावून मारतो?"

"मास्तर म्हणाले, बर्फ लाव."

मास्तर म्हणजे त्याचा कोच. त्याच्या जिममध्ये काहीही सुजलं तरी ते माराने सुजतं आणि बर्फाने उतरतं. तिथे कुणाला अपेंडिक्स झालं तरी आधी बर्फ लावतील. मार लागलेला गाल काळानिळा पडतो, याचा लालभडक होता आणि हात लावला तर चटका बसावा इतका गरम. मी त्याला खुर्चीत ढकललं आणि एक्स-रे काढला.

स्क्रीनवर सगळं दिसलं. खालची डावी अक्कलदाढ जबड्याच्या कोपऱ्यात आडवी पडली होती आणि तिच्याभोवती काळीभोर पोकळी होती. पिशवी वाढत वाढत तिने हाड आतून खाल्लं होतं. खाली राहिली होती ती नुसती कड, नखाएवढ्या जाडीची. उजवीकडची दाढ मात्र शहाण्या मुलीसारखी सरळ उभी होती.

"मग काढ की," बारक्या म्हणाला. "आत्ताच काढ."

"काढीन. पण काढली की तिथे खड्डा राहणार. तो हाडाने भरायला काही महिने लागतात. तोवर चेहऱ्यावर एकही ठोसा घ्यायचा नाही."

"महिने? फायनल तोंडावर आलीय, ताई."

"मला माहीत आहे."

"मग फायनलनंतर काढ. एवढे दिवस राहिलीच ना?"

"राहिली, कारण तुला अजून नीट ठोसा बसलेला नाही. आता बसला तर जबडा मोडेल."

गेली दोन वर्षं तो फायनलमध्ये हरला होता, दोन्ही वेळा एकाच माणसाकडून. त्या माणसाला सगळे डावखुरा म्हणत. जो जिंकेल तो राष्ट्रीय संघात जाणार होता, आणि वयाच्या अटीमुळे बारक्याचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही तर कधीच नाही. हे आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की स्वयंपाकघरातल्या भांड्यांनासुद्धा पाठ झालं असेल.

मग त्याचे डोळे एकदम चमकले. "ताई, तो डावखुरा आहे!"

"बरं मग?"

"त्याचा जोराचा हात डावा. तो माझ्या उजव्या बाजूला येतो. दाढ डावीकडे. त्याचा उजवा हात म्हणजे काय, माशा हाकलल्यासारखा. डावा गाल मी झाकून ठेवतो, संपला विषय."

इतका आनंद त्याला बक्षीस मिळाल्यावरही होत नाही. मी उठले आणि शेल्फवरचा प्लास्टरचा जबडा घेतला. साचा ओतताना डाव्या कोपऱ्यात हवेचा मोठा बुडबुडा राहिला होता, म्हणून बाजूला टाकलेला. तो टेबलावर ठेवला, दोन्ही टोकं त्याला हातांनी दाबून धरायला लावली आणि हनुवटीच्या उजव्या बाजूला हातोडी मारली. जबडा मोडला. उजवीकडे ओरखडासुद्धा नव्हता. मोडला होता डाव्या कोपऱ्यात, बुडबुड्यातून.

"जबडा हा असा असतो. एका बाजूला मारलं की जोर फिरून दुसऱ्या बाजूला निघतो, आणि जिथे पोकळ असेल तिथे फुटतो. डावखुरा तुझ्या उजवीकडे मारेल आणि तुझा डावा कोपरा जाईल. कळतंय का?"

बारक्याने हातातला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"मी काय प्लास्टरचा आहे का?" तो म्हणाला.

मी हिरडीखालचा पू धुऊन काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की मी स्पर्धेच्या डॉक्टरांना फोन करणार. तो दारात थांबला. आवाज न चढवता म्हणाला, "फोन केलास ना, तर त्या दिवसापासून मी तुझा कुणी नाही." तो रागाने ओरडला असता तर मी फोन केला असता. त्याच्या त्या शांत आवाजाला मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना बंद ठेवून जिम गाठली. पत्र्याच्या शेडमध्ये घामाचा आणि मलमाचा वास कोंडला होता. रिंगमध्ये बारक्या त्याच्या सरावाच्या जोडीदाराला बडवत होता. सराव कसला, चोप होता तो. डावा हात गालाला चिकटलेला, मान डावीकडे वळवलेली, म्हणजे उजवा गाल समोरच्याला ताटात वाढल्यासारखा पुढे, आणि उजव्या हाताने धाड धाड मारत सुटलेला. जोडीदाराच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. त्याने हात वर केला, मागे सरला, दोरांवर पडला, गुडघ्यावर आला, तरी बारक्याने कानाखाली आणखी एक ठेवून दिला. दाढ ठणकत होती आणि तो ठणका तो दुसऱ्याच्या तोंडावर काढत होता. जोडीदाराने जमिनीवर लाल थुंकी टाकली आणि तिच्यात दाताचा एक कपचा पडला.

"बास," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळून खूश होऊन म्हणाले, "पाहिलंत, डॉक्टरीणबाई? हा राग मी तीन वर्षं शोधत होतो!"

मी त्यांना छापून आणलेला एक्स-रे दाखवला. मास्तरांनी तो उजेडाला धरला, उलटा.

"माझं नाक चारदा मोडलंय," ते म्हणाले. "बरगड्या मोजत नाही. आमच्या वेळी एक्स-रे नव्हते, म्हणून आम्हाला काही झालं नाही."

"मास्तर, जबडा मोडला आणि मागे सरकला तर जीभ घशात जाते. वर तोंडात रक्त. माणूस गुदमरतो."

त्यावर ते थोडे गंभीर झाले. मी सांगितलं की माझी एकच अट आहे. कोपऱ्यात मी बसणार आणि टॉवेल माझ्या हातात राहणार. कोपऱ्यातून रिंगमध्ये टॉवेल पडला की पंच लढत थांबवतात आणि तो खेळाडू हरतो. अट मान्य नसेल तर आत्ता, इथूनच फोन.

शेडमधला सगळा आवाज थांबला. कारण त्या जिमची एक रीत होती आणि तिला हात लावणारा अजून जन्माला यायचा होता. लढतीआधी मास्तर टॉवेल बादलीच्या कडीला बांधत. ओला करून, दोन गाठी मारून, दाताने आवळून. टॉवेल बांधला म्हणजे तो फेकला जाणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यांच्या कोपऱ्यातून आजवर रिंगमध्ये टॉवेल पडला नव्हता, आणि ते हे स्वतःच्या लग्नापेक्षाही अभिमानाने सांगत.

"ताईला घ्या, मास्तर," बारक्या रिंगमधून म्हणाला. तो जोडीदाराचं नाक पुसत होता. "तिला बघू द्या मी कसा जिंकतो ते."

मास्तरांनी एक्स-रे माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाले, "ठीक. टॉवेल तुमच्या हातात."

फायनलच्या दिवशी दुपारी हॉल तुडुंब भरला होता. स्पर्धेच्या डॉक्टरांनी बारक्याचे डोळे पाहिले, हात पाहिले, रक्तदाब घेतला. गाल उतरला होता. तोंड उघड असं कुणीच म्हणालं नाही. मी टॉवेल मांडीवर घेऊन कोपऱ्याखालच्या स्टुलावर बसले.

पहिल्या राउंडला बारक्या पिसाळल्यासारखा घुसला. डावखुरा उंच, लांब हातांचा, चेहऱ्यावर कंटाळा. बारक्याने त्याच्या बरगड्यांत असे दोन घातले की तो कंटाळा पार उतरला. हॉल ओरडत होता. मीही ओरडत होते, खोटं कशाला बोलू. "मार! अजून मार!" असं मीच ओरडत होते. डावखुऱ्याची भुवई फाटली आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. राउंड संपला तेव्हा बारक्या माझ्याकडे बघून हसला. त्याच्या गार्डवरचं लाल रक्त त्याचं नव्हतं.

दुसऱ्या राउंडला डावखुऱ्याच्या लक्षात आलं. समोरचा आपला डावा हात गालावरून काढतच नाही, आणि उजवा गाल सारखा पुढे येतोय. तो आधी पोटात मारत राहिला. एक, दोन, तीन, गोणी बडवावी तसे. बारक्याचा उजवा हात खाली आला. तेवढ्यात तो डावा ठोसा आला, खांद्यातून सुटलेला, हनुवटीच्या उजव्या बाजूला. आवाज झाला. हॉलमध्ये कुणाला कळला नसेल, पण मी रोज तोच आवाज ऐकते. बारक्याचे पाय क्षणभर पाण्यासारखे झाले, तो डावखुऱ्याला मिठी मारून लोंबकळला, आणि घंटा झाली.

मी टॉवेल माझ्या स्टुलावर टाकून दोरांतून वर चढले. त्याला वरच्या स्टुलावर बसवलं, गार्ड बाहेर ओढलं. त्याबरोबर रक्ताची तार लोंबत आली. खालच्या दातांची रांग डावीकडे एकदम पायरीसारखी खाली गेली होती आणि त्या पायरीतून रक्त उकळत होतं.

"दात जुळतायत?"

त्याने मान हलवली. हो. साफ खोटं.

मी त्याचा खालचा ओठ डावीकडे नखांत धरून चिमटला, रक्त येईपर्यंत. त्याची पापणीही हलली नाही. ओठ बधिर झाला होता. हाडातली नस गेली होती आणि तिच्याभोवतीचं हाडही.

"मास्तर, मोडलाय. थांबवा."

"आपण पुढे आहोत!" मास्तर कानात गरजले. "शेवटचा राउंड! नुसता उभा राहिला तरी जिंकला!" आणि त्यांनी गार्ड पुन्हा त्या तोंडात कोंबलं. बारक्याच्या घशातून जो आवाज आला तसा मी कुठल्याही पेशंटचा ऐकलेला नाही. तरी तो उठला. घंटा झाली आणि तो चालत गेला.

मी खाली उतरून टॉवेलसाठी हात घातला. माझ्या स्टुलावर टॉवेल नव्हता. मी वर त्याच्या तोंडात बोटं घालून उभी असताना मास्तरांनी सवयीने, की मुद्दाम, तो उचलला होता, बादलीत बुडवला होता आणि कडीला बांधला होता. दोन गाठी, दाताने आवळलेल्या.

मी गाठ ओढली. ओली गाठ ओढली की जास्तच बसते. वर धाड धाड चाललं होतं. डावखुऱ्याने आता थेट तोंडावर सुरू केलं होतं. बारक्याचा जबडा खाली लोंबत होता, तोंड मिटत नव्हतं, आणि प्रत्येक ठोशाबरोबर त्याची मान मागे जाऊन रक्ताचे शिंतोडे पहिल्या रांगेपर्यंत येत होते. तो खोकत होता. तो रक्त गिळत होता आणि ते त्याला गिळता येत नव्हतं. मी नखं लावली, दात लावले. गाठ सुटेना.

मग मी बादलीच उचलली.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. "वेड लागलंय का? जिंकतोय तो!" मी हात हिसडला आणि बादली खालून वर अशी फिरवली की तिची कड त्यांच्या तोंडावर बसली. वरचा पुढचा दात मुळासकट गेला, मी तो उडताना पाहिला. माझ्यात मागे वळून बघण्याएवढी दया नव्हती. बादली दोरांवरून आत गेली, पाण्यासकट, टॉवेलासकट, खणखणत रिंगच्या मधोमध घरंगळली आणि सगळीकडे लाल पाणी पसरलं. डावखुरा त्यात घसरून बसकण मारून पडला. पंचांनी दोन्ही हात आडवे केले. लढत संपली होती.

बारक्या बादलीकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडे आला. मी दोरांपाशीच होते. त्याने ग्लोव्ह उचलला आणि मला वाटलं की आता बसतोय. त्याने तो कोपऱ्याच्या खांबावर मारला. एकदा, पुन्हा, पुन्हा, डॉक्टर धावत येईपर्यंत.

त्याचं ऑपरेशन मी केलं नाही. इस्पितळातल्या सर्जनने दाढ काढली, पिशवी खरवडली, हाडाला धातूची पट्टी ठोकली आणि वरचे-खालचे दात तारांनी बांधून टाकले. ते मला म्हणाले की आणखी दोन-चार ठोसे बसले असते तर टेबलावर आणायला माणूस उरला नसता. मी मान डोलावली. मला ते बारक्याला ऐकवायचं होतं, पण तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पुढचे दीड महिने आई त्याला सगळं पातळ करून नळीने पाजत होती. मी खोलीत गेले की तो डोळे मिटायचा.

"तो तुझ्याशी बोलत नाही," आई म्हणाली.

"आई, त्याचं तोंड तारांनी बांधलंय."

"माझ्याशी हातांनी बोलतो की," ती म्हणाली.

मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. एकदाच. मग तोंड धुऊन दवाखान्यात गेले आणि एकाच्या तीन मुळांच्या दाढेवर सगळा राग काढला.

तारा काढायच्या दिवशी सर्जनने त्याला माझ्याकडे पाठवलं, की घरचंच काम आहे. बाहेरच्या बाकावर मास्तर तोंडाला रुमाल लावून बसले होते. त्यांचा दात मलाच बसवायचा होता, त्यांना दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. बारक्या खुर्चीत बसला. मी पक्कडीने एकेक तार कापली आणि ओढून काढली. हिरड्यांतून रक्त आलं, तो हलला नाही. शेवटची तार बशीत पडली. मी दिवा बाजूला केला आणि वाट पाहिली.

"एकच राउंड होता, ताई," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता.

"हो."

"मी जिंकत होतो."

"जिंकत होतास."

"तू टाकायला नको होतंस."

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा टाकीन," मी म्हणाले. "आणि तू आयुष्यभर बोलला नाहीस तरी चालेल मला. म्हणजे चालणार नाही. पण तू जिवंत हवास."

तो उठला. दारापर्यंत गेला, दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याची पाठ खूप बारीक झाली होती, खरोखरच बारक्या दिसत होता. मग तो परत आला, खुर्चीत धपकन बसला आणि डोकं मागे टाकलं.

"मग बघ नीट. डावीकडे टोचतंय."

त्याने तोंड उघडलं. दोन बोटं जातील एवढं उघडलं. मी दिवा ओढला आणि डाव्या कोपऱ्यात बोट घातलं. हिरडी भरत आली होती, खाली पट्टी लागत होती.

"उजवीकडची पण काढायची का?" तो बोटाभोवतून बोलला.

"ती सरळ आहे. तिला कुणी हात लावायचा नाही. आता दात हळूच मीट बघू."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कचकन चावला. होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून. मी किंचाळले, बाहेर मास्तर उभे राहिले. त्याने सोडलं नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी सोडलं नाही. मग सोडलं.

रबरी हातमोजा फाटला होता. मी तो काढून बोट दिव्याखाली धरलं. वर वरच्या दातांच्या खुणा, खाली खालच्या, एकीसमोर एक, कुठेही पायरी नाही. मी ते बोट त्याला दाखवलं.

"बघ," मी म्हणाले. "नीट जुळलाय."